डायरेक्ट केलेला पंखा

तळोजा एमआयडीसीतली पिकअप एकाच दिवसात इंजिनाच्या चार तऱ्हा पाहते. सकाळी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून अँगल आणि पट्ट्या भरून ती कारखान्याच्या गेटवर येते आणि आत सोडेपर्यंत इंजिन चालू ठेवून रांगेत उभी राहते. तिथून रिकामी होऊन मुंब्रा-पनवेल रस्त्याला लागली, की शिळफाट्याच्या दिशेने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते. न्हावा-शेव्याचा माल असेल तर मोकळा रस्ता मिळताच साठ-सत्तरच्या वेगाने पळते. पुण्याचे भाडे लागले तर खोपोली मागे टाकून बोरघाट चढते आणि सुमारे सव्वासहाशे मीटर उंचीवरच्या लोणावळ्याला पोहोचते. इंजिनातून किती उष्णता बाहेर काढायची आणि त्यासाठी रेडिएटरच्या जाळीतून किती वारा ओढायचा, याचे उत्तर या चारही वेळी वेगळे असते. ते उत्तर देण्यासाठी पंखा आणि वॉटर पंपाची पुली यांच्या मध्ये ॲल्युमिनियमचा एक गोल डबा बसवलेला असतो. गॅरेजात त्याला विस्कस किंवा पंख्याचा क्लच म्हणतात. तो बिघडला, की मालकापुढे दोन वाटा असतात: नवा क्लच घालायचा, नाहीतर जुन्याला बोल्ट मारून किंवा वेल्डिंग करून पंखा कायमचा जखडून टाकायचा. दुसरीला ‘पंखा डायरेक्ट करणे’ म्हणतात. ती स्वस्त आहे, तासाभरात होते आणि तापमानाचा काटा खाली येतो. तरीही ती तोट्याची आहे.

आधी उष्णतेचा हिशेब. डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा चाकांच्या कामी येते. तेवढीच सायलेन्सरमधून निघून जाते आणि उरलेल्यातली बरीचशी कूलंटमध्ये उतरते. कूलंट रेडिएटरमध्ये जाते आणि तिथे वारा त्याची उष्णता काढून घेतो. गाडी साठच्या वेगाने पळत असेल, तर समोरून येणारा वाराच बहुतेक वेळा पुरतो. पंख्याची खरी गरज गाडी उभी असताना किंवा चढावर संथ चालत असताना पडते, कारण तेव्हा वारा आपोआप येत नाही. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर इंजिन जोरात फिरत असते आणि पंखा फारसा लागत नाही, तर रांगेत तो लागतो आणि इंजिन हळू फिरत असते. पुलीला थेट जोडलेला पंखा ज्या वेळी नको त्याच वेळी सर्वांत वेगाने फिरतो. एवढ्यावरच थांबले असते तर फार बिघडले नसते. पण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट झाले की शक्ती आठपट लागते. मिनिटाला २,००० फेऱ्यांवर पंखा जेवढी शक्ती खातो, त्याच्या जवळजवळ साडेतीनपट तो ३,००० फेऱ्यांवर खातो. गेटवर उभ्या गाडीत तो अगदी थोडके ओढतो, आणि जिथे त्याचे काही काम नाही त्या न्हावा-शेव्याच्या मोकळ्या रस्त्यावर मात्र इंजिनाच्या शक्तीतला मोठा घास घेतो.

क्लचच्या डब्यात दोन चकत्या असतात. एक पुलीबरोबर फिरते, दुसरी पंख्याला जोडलेली असते, आणि दोघींवर एकमेकींत बसणाऱ्या गोल चऱ्या कापलेल्या असतात. त्या एकमेकींना कुठेही टेकत नाहीत. मधल्या अगदी बारीक फटीत सिलिकोनचे दाट तेल असते. काकवी लावून एकमेकींवर ठेवलेल्या दोन ताटल्यांपैकी वरची फिरवली, की खालचीही मागोमाग ओढली जाते. इथे तेच घडते. तेल सिलिकोनचेच का, याला कारण आहे. साधे खनिज तेल तापले की पाण्यासारखे पातळ होते, म्हणजे पकड जेव्हा हवी तेव्हाच सुटेल. सिलिकोन तेलाचा दाटपणा तापमानाबरोबर फार कमी बदलतो. सिलिकोनचे व्यापारी उत्पादन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाले. अमेरिकेतली डाऊ कॉर्निंग कंपनी १९४३ साली त्यासाठीच स्थापन झाली होती. असा क्लच त्यानंतरच व्यवहारात येणे शक्य होते.

डब्याच्या रेडिएटरकडच्या तोंडावर घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली एक पट्टी दिसते. ती दोन वेगवेगळ्या धातूंची असते. दोन्ही धातू उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून जाळीतून आलेला वारा तापला की पट्टी वळते आणि आतली एक झडप उघडते. हा वारा साधारण साठ-सत्तर अंशांच्या पुढे गेला की साठ्याच्या कप्प्यातले तेल चऱ्यांमध्ये उतरते, पंखा पकड घेतो आणि त्याचा घोंघाट केबिनमध्ये ऐकू येतो. वारा निवला की झडप मिटते आणि चकतीच्या कडेवरची योजना तेल पुन्हा साठ्यात ढकलते. यात वायर नाही, सेन्सर नाही, फ्यूज नाही. एवढ्या कमी भागांत इतके नेमके काम करणारी दुसरी वस्तू बॉनेटखाली सहसा सापडत नाही, आणि तीच वेल्डिंगच्या एका टाक्याने निकामी केली जाते.

आता यात किती वाचते ते मोजू. पंखा थेट जोडला असता इंजिनाला द्यावी लागणारी शक्ती १०० धरू. क्लच सुटलेला असताना पंखा पुलीच्या साधारण ३० टक्के वेगाने फिरतो, असे समजू. पंख्याचा रेटा वेगाच्या वर्गाप्रमाणे ठरतो आणि पुली मात्र पूर्ण वेगानेच फिरत असते, म्हणून इंजिनाला १०० ऐवजी ९ भाग द्यावे लागतात. त्यातले जेमतेम ३ वाऱ्यात जातात आणि ६ तेलात घासून उष्णता होतात. क्लचने पूर्ण पकड घेतली तरी पंखा पुलीच्या वेगाला गाठत नाही, थोडा मागेच राहतो. तो ९० टक्के वेगाने फिरला तर इंजिनाचे ८१ भाग खर्च होतात आणि त्यातले सुमारे ८ उष्णता होतात. सर्वांत वाईट स्थिती या दोहोंच्या मधली आहे. पंखा दोन तृतीयांश वेगावर असताना जवळजवळ १५ भाग क्लचच्या पोटातच जळतात. डब्याच्या अंगावर पाकळ्यांसारखे पातळ उभे पदर ओतलेले असतात ते ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी. क्लच कसा मरतो, हेही या मधल्या स्थितीवरूनच कळते. सील झिजून थोडे तेल पाझरले की पकड पूर्ण होत नाही. पंखा अर्ध्या-पाऊण वेगावर अडकून राहतो आणि डबा दिवसभर तापत राहतो. उरलेले तेल बिघडते, सील आणखी ढिले पडते, आणि महिनाभरापूर्वी किंचित गरम वाटणारी गाडी घाटात अचानक उकळते.

दोष क्लचचाच आहे हे ठरवल्याशिवाय त्यावर पैसा घालू नये, आणि ते ठरवणे अवघड नाही. पूर्ण थंड, बंद इंजिनवर पंखा हाताने फिरवून सोडावा. किंचित अडत फिरून तो लवकरच थांबला पाहिजे. सोडल्यावर तो गरागरा फिरतच राहिला तर आत तेल उरलेले नाही. मुळीच सरकत नसेल तर क्लच जखडला आहे. पात्याचे टोक पुढे-मागे हलवले असता खडखड जाणवली तर बेअरिंग गेले. डब्याच्या मध्यापासून कडेकडे धुळीने काळवंडलेल्या तेलाच्या रेघा गेलेल्या दिसल्या, तर पाझर जुना आहे. तापलेल्या इंजिनवर एक चाचणी कानानेही करता येते. काटा वर चढत असतानाही पंख्याचा आवाज वाढत नसेल, तर क्लच पकड घेत नाही. चालू पंख्यात गुंडाळलेले वर्तमानपत्र किंवा काठी घालून तो थांबतो का पाहण्याची पद्धत काही गॅरेजांत आहे. ती करूच नये. पकड घेतलेला क्लच काठी तोडतो आणि तिचा तुकडा कुणाच्या डोळ्यात जाईल हे सांगता येत नाही.

डायरेक्ट करण्याचा पहिला खर्च डिझेलचा आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून धरलाही जात नाही. जखडलेल्या पंख्याने दिवसभरात सरासरी एक किलोवॅट जास्त ओढला असे धरू. गाडीगाडीत हा आकडा बदलेल. तरी धावत्या डिझेल इंजिनाला तेवढ्या जादा ओझ्यासाठी तासाला किमान पाव लिटर डिझेल लागते. रोज सहा तास चालणाऱ्या गाडीचे दीड लिटर, महिन्याच्या पंचवीस दिवसांचे ३७ लिटरांच्या वर. लिटरला नव्वदचा भाव धरला तर ही रक्कम महिन्याला तीन हजारांपुढे जाते. कुणी ही गृहीत शक्ती अर्ध्यावर आणली तरी नव्या क्लचची किंमत काही महिन्यांतच भरून निघते. त्यानंतरही गाडी चालेल तोवर दर महिन्याला ते पैसे पंख्यातून उडतच राहतात.

दुसरा खर्च लोखंडाचा. गिअर बदलताना इंजिनाचे फेरे झटक्याने चढतात-उतरतात, आणि जखडलेल्या पंख्याचे वजन त्या प्रत्येक झटक्यासरशी पट्ट्याला आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगला हिसका देते. क्लचमधले तेल हा हिसका पिऊन टाकते. डायरेक्ट केलेल्या गाडीचा पंप एवढ्या लवकर का गेला, या प्रश्नाचे उत्तर बहुधा इथेच असते. तिसरा धोका पावसाळ्यातला. कळंबोली-तळोज्याच्या सखल भागात मुसळधार पावसात रस्त्यावर पाणी तुंबते. बंपरपर्यंत पाण्यात शिरलेल्या गाडीचा क्लच सुटलेला असेल, तर पाण्याच्या अडथळ्याने पंखा मंदावतो. जखडलेला पंखा मात्र इंजिनाच्या पूर्ण ताकदीने पाणी कापत राहतो. पाणी मागे ढकलताना त्याची पाती पुढे, रेडिएटरच्या दिशेने वाकतात आणि जाळी फाडू शकतात. वेल्डिंगने वजनाचा समतोल बिघडलेला असेल, तर कंपनाने पात्याला तडे जाण्याचीही भीती असते. शिवाय सतत घोंघावणाऱ्या केबिनमध्ये ड्रायव्हरला दिवसभर बसायचे असते. ही गोष्ट भाड्याच्या हिशेबात कुणी लिहीत नाही, पण थकलेल्या कानांनी आणि डोक्याने रात्री घाट उतरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ती किरकोळ नाही.

यावर जुन्या लोकांचा आक्षेप असा, की पूर्वीच्या ट्रकांना कुठे होते क्लच? १९५४ साली टाटांनी डेमलर-बेंझशी करार केला आणि त्याच वर्षी ट्रक बाहेर पडू लागले. पुढे कित्येक वर्षे त्यांचे पंखे थेट पुलीवर बसत, आणि त्यांनी बोरघाट लाखो वेळा ओलांडला. हे खरे आहे. पण त्या पिढीतल्या टाटांच्या ट्रकांचे इंजिन साधारण २,८०० फेऱ्यांवरच संपायचे आणि रस्त्यावर बहुतेक वेळ त्याहूनही खाली चालायचे. पंप, बेअरिंग आणि पंखा हे तिन्ही त्या थेट जोडणीसाठीच आखलेले होते. आजच्या पिकअपची इंजिने ३,२०० आणि त्याहूनही पुढे जातात, अंगाने लहान असतात, आणि त्यांच्या पंपाचे बेअरिंग मध्ये क्लच आहे असे गृहीत धरून निवडलेले असते. एक युक्ती एका यंत्रात चालली म्हणून ती दुसऱ्यातही चालेल, असे होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. घाटात डायरेक्ट पंखाच तारतो, असे अनुभवी ड्रायव्हर सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पूर्ण पकडीतही क्लच दहाएक टक्के वेग सोडतो, म्हणून जखडलेला पंखा चढावर तेवढा वारा जास्त देतो. पण कंपनीने रेडिएटरचे माप ही सूट धरूनच ठरवलेले असते. चांगला क्लच असूनही गाडी त्या दहा टक्क्यांवाचून उकळत असेल, तर कमतरता दुसरीकडे शोधली पाहिजे. तळोज्यात ती शोधायला लांब जावे लागत नाही. कारखान्यांची आणि रस्त्याची धूळ इंजिनाच्या तेलकट वाफेवर बसून रेडिएटरच्या जाळीत चिखलासारखी घट्ट होते. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कडे, म्हणजे श्राऊड, एखाद्या दुरुस्तीत काढून परत लावलेलेच नसते. मग पंखा जाळीतून वारा ओढण्याऐवजी कडेचीच हवा घुसळत बसतो. कूलंटच्या जागी नळाचे पाणी भरलेले असते. रेडिएटरचे झाकण दाब धरत नसते, आणि दाब टिकला तर १२० अंशांच्या आसपास उकळणारे कूलंट शंभरीच्या जरा पुढेच उकळू लागते. आणि दीड-पावणेदोन टनांच्या गाडीवर तीन टन लोखंड चढवलेले असते. त्या चढणीला लागणारी शक्ती आणि तिच्याबरोबर निघणारी उष्णता कुठल्याही पंख्याला झेपणारी नसते. डायरेक्ट केल्यावर काटा थोडा खाली येतो आणि या सगळ्या चुका झाकल्या जातात. माझ्या मते या उपायाचे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे. ज्या दिवशी झाकलेली चूक वर येते त्या दिवशी हेड वाकते आणि गॅस्केट उडते.

क्लच बदलूनही फरक पडला नाही, ही तक्रारही याच मुळाची आहे. पट्टी रेडिएटरमधून येणाऱ्या वाऱ्याचे तापमान ओळखते, इंजिनातल्या पाण्याचे नाही. थर्मोस्टॅट अडकून गरम पाणी रेडिएटरपर्यंत पोहोचतच नसेल, तर इंजिन उकळत असताना पट्टीला वारा गारच लागतो आणि नवाकोरा क्लचही सुटलेलाच राहतो. राहिला विजेच्या पंख्याचा पर्याय. अनेक मोटारींत तो असतो आणि चांगला चालतो. पण माल वाहणाऱ्या डिझेल पिकअपला घाटात लागणारा वारा बाजारातल्या एखाद्या किटने मिळतोच असे नाही. त्याची वायरिंग, रिले आणि अल्टरनेटरवरचे ओझे हा वेगळा व्याप होतो. एक सवलत मात्र मोकळेपणाने द्यायला हवी. रात्री घाटात क्लच गेला आणि जवळ काही नसेल, तर बोल्ट मारून पंखा जखडून गाडी गॅरेजपर्यंत आणणे शहाणपणाचेच आहे. तो बोल्ट मग दोन वर्षे तिथेच राहतो, हरकत त्याला आहे.

बदलण्याचे काम एका सकाळचे आहे, पण त्यात घाई चालत नाही. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. रेडिएटर आणि पंखा यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकवून ठेवावा, कारण निसटलेला पाना पहिल्यांदा जाळीवरच जातो. क्लच चार लहान नटांवर असेल तर पट्टा चढलेला असतानाच ते ढिले करावेत. पट्टा काढल्यावर पुली मोकळी फिरू लागते आणि नट हलता हलत नाहीत. एकाच मोठ्या नटावर असेल, तर जोर लावण्याआधी आटे सुलटे आहेत की उलटे, हे त्या मॉडेलच्या पुस्तकात पाहावे. काही गाड्यांत ते उलटे असतात आणि सवयीच्या दिशेला जोर दिला तर नट आणखी आवळतो. पंखा आणि क्लच बहुतेक वेळा श्राऊडसकट एकत्रच बाहेर येतात. बाहेर आल्यावर वॉटर पंपाचा शाफ्ट हाताने हलवून पाहावा. त्यात ढिलेपणा असेल तर पंपही आत्ताच बदलावा. ढिल्या पंपावर बसवलेला नवा क्लच फार टिकत नाही. नवा आणि जुना शेजारी ठेवून उंची, भोके आणि पट्टीची गुंडाळी ताडून पाहावी. दिसायला सारखा पण काही मिलिमीटर जाड असलेला क्लच पाती जाळीला भिडवतो. पंख्याची रेडिएटरकडची बाजू काढण्याआधीच खडूने खूण करून ठेवावी. उलटा बसला तरी तो वारा मागेच ढकलतो, पण कितीतरी कमी.

नवा क्लच दुकानातून घरी आणताना आणि ठेवताना आडवा झोपवू नये, गाडीत बसतो तसा उभा ठेवावा. आडवा राहिला तर तेल सीलकडे उतरून बसवण्याआधीच पाझरू लागते. नट ठरलेल्या दाबानेच आवळावेत आणि पंखा हाताने पूर्ण एक फेरा फिरवून श्राऊडला कुठे घासत नाही ना, हे पाहावे. पहिल्यांदा सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटे पंखा मोठ्याने घोंघावेल. उभ्या क्लचमधले तेल चऱ्यांमध्ये साचलेले असते, ते साठ्यात परत जाईपर्यंत पकड राहते आणि मग आवाज आपोआप बसतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी घोंघावते तेही याच कारणाने, तो दोष नव्हे. दोष असतो तो न बसणाऱ्या आवाजात.

तळोज्याच्या पट्ट्यात गाडी चालवणाऱ्यांनी होळीच्या आत, उन्हाळा चढण्यापूर्वी, एवढे जरूर करावे: सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवून पाहावा, डब्यावर तेलाच्या रेघा आहेत का बघाव्यात आणि जाळी मागून पुढे, हलक्या दाबाच्या पाण्याने धुवून घ्यावी. आणि सेकंडहँड पिकअप घेताना पंखा सरकत नसेल, डब्यावर वेल्डिंगचा टाका किंवा नंतर मारलेले बोल्ट दिसत असतील, तर नव्या क्लचची किंमत सौद्यातून वजा करून घ्यावी आणि हेड कधी उघडले होते का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.